ओळ झेलणाऱ्या

“पंखा बंद करून ठेवला, दारंखिडक्यांवर गोधड्या ठोकल्या, अन् म्हणते जीव ओतून गा. जीव उरन तं ओतू ना वं!” पुष्पाबाई चंद्रभागाबाईच्या कानाशी कुरकुरली.

आंधळगावातलं राजकुमारचं डीजेचं गोदाम. माणसाएवढे स्पीकर भिंतीला सरकवून मधे तीन बाया ओळीनं उभ्या केल्या होत्या. या दोघी आणि रक्षाची आई गिरजाबाई. जावयाच्या, राजकुमारच्या, समोर उभं राहायचं म्हणून तिचा पदर कपाळावर ओढलेला. पुढे माइकपाशी रक्षा. तिचं पहिलं रेकॉर्डिंग, गाण्यांची पहिलीच कंपनी. कंपनीचा माणूस वीरेंद्र नागपूरहून लॅपटॉप घेऊन आला होता.

“हळू घ्या मावशी, माइक फाटते,” तो म्हणाला.

“हळू घ्या मावशी वं, माइक फाटते,” दोघींनी सुरात म्हटलं.

रक्षाला हसू फुटलं. वीरेंद्रनं कपाळावर हात मारला. सकाळपासून हेच चाललं होतं. करडी गावच्या धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे लावणी, चालू असला की एक बाई ओळ टाकते आणि बाकीच्या झेलतात. हात चिखलात, मन आणखी कुठं. कानावर पडलं की तोंड आपसूक उघडतं. जी ओळ कोणी झेलत नाही ती तिथंच चिखलात जाते.

रक्षानं पुन्हा सुरुवात केली. औंदाच्या रोवण्यात तिनंच केलेलं गाणं. कोणीतरी मोबाइलवर घेतलं आणि ते मोहाडी तालुकाभर फिरलं. गाणं तिच्या बहिणीवर, साधनावर होतं. राजकुमारची बायको. गावच्या लहान तळ्यावर, बोडीवर, धुणं धुवायला गेली आणि बुडाली. पाय घसरला, असं सगळ्यांनी म्हटलं. गिरजाबाईनंही म्हटलं, कारण साधनाची लेक टीना अजून राजकुमारच्याच घरी जेवत-झोपत होती.

“बोडीचं पाणी गुडघ्याएवढं वं, पाय नाही घसरला...”

“थांबा, थांबा.” वीरेंद्रनं हेडफोन काढले. “मॅडम, पुन्हा तेच. आपलं ठरलं ना? ‘पाय माझा घसरला राजा, धर माझा हात.’ लग्नात वाजलं पाहिजे, लोकं नाचले पाहिजे. रडक्या गाण्यावर कोण नाचते?”

“चाल बदला,” रक्षा म्हणाली. “ढोल टाका, भोंगा टाका, माह्या नावाच्या आधी कंपनीचं नाव टाका. हे एक ओळ राहू द्या.”

“हेच एक ओळ जमत नाही.”

“काहून?”

वीरेंद्रनं राजकुमारकडे पाहिलं. कंपनी त्यानं आणली होती, आणि नवे शब्दही त्याचेच. तो स्पीकरला टेकून वायरचं वेटोळं करत होता.

“रक्षे,” तो गोडीनं म्हणाला, “तुह्यंच भलं पाहून राहिलो मी. म्हणून टाक. टीनाही नाचन मावशीच्या गाण्यावर.”

रक्षानं आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे पाहत होती. रक्षा माइकजवळ सरकली.

“बोडीचं पाणी गुडघ्याएवढं वं, पाय नाही घसरला.”

वायर तिच्या तोंडावर बसली. मग मानेवर. मग राजकुमारनं वायर फेकली, तिची वेणी धरली आणि डोकं स्पीकरच्या कोपऱ्यावर आपटलं. भुवई उसवली. रक्त डोळ्यात उतरलं. स्टँड आडवा झाला.

“अरे, माइक! माइक!” वीरेंद्र ओरडला, आणि माइक उचलून त्यानं तो लेकरासारखा पोटाशी धरला.

“म्हण, पाय माझा घसरला!” राजकुमारनं वेणी मनगटाला गुंडाळली. “म्हण!”

रक्षा गुडघ्यावर आली होती. तो बायांकडे वळला. “तुमी म्हणा! पाय माझा घसरला! एरवी तं कुत्रं भुकलं तरी झेलता ना वं?”

ओळ कोणी झेलली नाही. चंद्रभागाबाई मागं सरकत भिंतीच्या गोधडीला चिकटली. पुष्पाबाईच्या दोन्ही मुठी पदरात होत्या.

“पाणी...” रक्षा म्हणाली. ओठ फाटला होता, शब्दांना आकार येत नव्हता. “गुडघ्याएवढं.”

त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. मग आणखी एक. ती वाकडी झाली, पण वेणी त्याच्या हातात असल्यानं तिला धड पडताही येईना.

जन्मभर मागं मागं सरकत धान रोवणारी गिरजाबाई दोन पावलं पुढं आली. तिनं त्याचा हात धरला नाही. पदर तेवढा कपाळावरून मागं केला. या जावयानं सासूचं तोंड असं समोरून पहिल्यांदाच पाहिलं.

“जवाई,” ती म्हणाली. बाजारात वांग्याचा भाव विचारावा तेवढाच आवाज. “साधना घसरली नाही. तुमीच बुडवलं तिले.”

वेणी धरलेला हात होता तिथंच राहिला.

मग भिंतीपासून, चंद्रभागाबाईच्या तोंडून, सवयीनं, सुरात आलं:

“तुमीच बुडवलं तिले, जवाई, तुमीच बुडवलं...”

आणि आपल्याच आवाजानं दचकून तिनं तोंडावर हात ठेवला.

पुष्पाबाईनं पदरानं गळ्याचा घाम पुसला, बंद दाराकडे एकदा नीट पाहिलं, आणि ओळ झेलली.