हात सोड

"काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का?" व्यायाम शिकवणारी मुलगी हसून म्हणाली. हसून म्हणाली तरी तो हुकूमच होता.

सुताराची बायको बाहेरच्या बाकावर टेकली. मध्ये फक्त एक पडदा. कान आतच होते. कारखान्यात फळी उचलताना नवऱ्याची कंबर धरली, चौघांनी त्याला आडवा घरी आणला, आणि कुठल्याशा डॉक्टरनं जाता जाता म्हटलं, "जपा हं, मणका आहे." तेव्हापासून ती जपत होती. त्याचे मोजेसुद्धा तीच चढवायची. आता एक्स-रेचे सगळे फोटो चांगले आले होते, तरी तो घरात काचेचं भांडं असल्यासारखा वावरायचा आणि ती त्याच्या मागेमागे.

"आता खुर्ची धरून खाली बसा, काका. सावकाश."

आत खुर्चीचे पाय करकरले. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना.

"अगं!"

पडदा कसा बाजूला सारला, तिचं तिलाच कळलं नाही. नवरा गादीवर एका गुडघ्यावर खिळला होता, चेहरा पांढराफटक. आणि ती मुलगी हाताची घडी घालून शेजारी उभी!

"बघत काय बसलात?" ती ओरडली आणि तिनं नवऱ्याच्या काखेत हात घातला.

"हात सोड."

"अहो, पडाल!"

"सोड म्हणतो ना!" तो धापा टाकत होता. "चमक आली, म्हणून हाक गेली तोंडून. चमक गेली पण. ही म्हणते, काही तुटलेलं नाही, आणि मला पटतंही. मग तू धावत येतेस. तुझं तोंड बघितलं की वाटतं, गेलो आपण."

तिनं हात सोडला.

"थोडं दुखणार, काकू," मुलगी हळूच म्हणाली. "दुखलं म्हणजे मोडलं असं नाही."

बायको मागे सरकत भिंतीला टेकली. त्यानं खुर्चीवर पंजा रोवला, दुसरं पाऊल पुढे घेतलं, अर्धा उठला आणि तिथंच थांबला. मांडी थरथरायला लागली. त्यानं मुलीकडे पाहिलंच नाही. तो बायकोच्या तोंडाकडे बघत होता, डॉक्टरच्या हातातल्या रिपोर्टकडे बघावं तसा.

आता पडला तर? पुन्हा चौघं, पुन्हा आडवा. रडू अगदी ओठांशी आलं होतं. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले, बोटात बोटं घट्ट अडकवली आणि फार दिवसांत काढला नव्हता तो आवाज काढला.

"आटपा की आता! असे ओणवे किती वेळ राहणार? घरी मागचं दार घासतंय. येता-जाता शेजारीण विचारते, सुताराचंच घर ना हे?"

"कुठलं दार?"

"मागचं."

"मागचं?" त्याच्या कपाळावर आठी चढली. "मी बसवलेलं दार घासतंय? कोण म्हणतं? पावसाळ्यातसुद्धा तसूभर हललं नाही ते! शेजारणीला म्हणावं, आधी स्वतःच्या खिडक्या..."

बोलता बोलता तो उठला. खुर्चीवरचा हात सुटला होता. घामानं सदरा पाठीला चिकटला होता, पाय अजून लटपटत होते, पण तो उभा होता आणि तावातावानं बोलत होता.

मुलीनं फक्त खुर्ची थोडी लांब सरकवली.

"सांग ना, कुठं घासतंय? वर की खाली?"

"नाही घासत," बायको म्हणाली. पाठीमागची बोटं तिला एकेक करून सोडवावी लागली.