कॉकवरचा पिवळा फडका

चुलत दीर हिरामण बांधावर येऊन उभा राहिला, तेव्हा अक्काबाई घरच्या नळाचं पाणी हंड्याने झेंडूला घालत होती. तिने त्याला पाहिलं आणि पुढच्या सरीला वळली. राहू दे उभा. ऊन काही कमी नव्हतं.

"वहिनी, रुद्र तापलाय."

"दवाखान्यात नेलं का?"

"नेलं. गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं. पण काल सांजेपासून ताप काय हटत नाय. कशानं ते तुम्हाला माहीत हाय."

माहीत कसं नसेल! अकरा घरांची ही एकच सामाईक विहीर. पाण्याच्या कॉकला कुलूप नाही, नुसता खंडोबाचा पिवळा फडका बांधलेला. ज्याची पाळी त्याने पाया पडून तो सोडायचा. दुसऱ्या कोणाची हात लावायची छाती होत नाही. अक्काबाईचं घर तेवढं महानुभाव पंथाचं, दुसऱ्या देवापुढे हात जोडत नाही. म्हणून गेल्या दसऱ्याआधी पाणी चोरीला गेलं, तेव्हा पुरावा कोणी मागितलाच नाही. जिला देवाचं भय नाही तीच चोर! तिची पाळी बंद केली आणि तिचा वीस गुंठे झेंडू उभ्या उभ्या वाळला.

यंदा पुन्हा चोरी झाली. या खेपेला अक्काबाईने भर दुपारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, फडका सोडणारा हिरामणच होता. काल बैठकीत तिने ते सांगितलं, तर लोक म्हणाले, "बेलभंडारा उचलून बोल." ती उचलणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी नाय उचलत," ती म्हणाली. "भाऊजींना उचलू द्या. रुद्रच्या, नातवाच्या डोक्यावर हात ठेवून."

आणि मेल्याने उचलला की! आज सकाळपासून पाणी पुन्हा तिचंच बंद. दसरा पाच दिवसांवर आलेला.

"वहिनी, तुमचा शब्द मागं घ्या," हिरामण म्हणाला.

"मी कुठं शाप दिला? शपथ तुम्ही घेतली. माझा तर त्या भंडाऱ्यावर विश्वासच नाय, मी काय मागं घेऊ?"

"चुकलं माझं. पण दोन्ही खेपेला मी देवाला नारळ वाहिला होता."

"देवाला वाहिला. मला काय वाहिलं?"

हिरामण मटकन बांधावर बसला. कालपर्यंत बैठकीत मिशीवर हात फिरवणारा माणूस आता रडत होता. अक्काबाईला बरं वाटलं. लपवायचं कशाला, लय बरं वाटलं.

"मग मी करू तरी काय?"

"तुमचं आणि माझं सोडून नऊ घरं राहतात. एकेका घरात जायचं. नवरा-बायको दोघं समोर असताना सांगायचं, पाणी मी चोरलं. गेल्या वर्षीचंही."

"गेल्या वर्षीचं कशाला आता?"

"गेल्या वर्षीचं आधी."

"वाळीत टाकतील मला. माझा झेंडू जाईल."

"जाईल. उभं पीक वाळायला चार दिवस लागतात. मी रोज येऊन बघत होते."

हिरामण उठला. उन्हात चालत पहिल्या घराकडे गेला आणि दार वाजवून टोपी काढून उभा राहिला. आतून कोणीतरी बाहेर आलं.

सून तृप्ती पलीकडच्या सरीत हंडा घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, गावात तापाची साथ आलीये. निम्मी शाळा घरी आहे. आपल्या ओमचा नाही का तिसऱ्या दिवशी उतरला? रुद्रचाही उतरेल. त्यांना सांगायला नको?"

अक्काबाईने तिच्या हातातला हंडा घेतला आणि झेंडूच्या बुडाशी हळूहळू ओतला.

"सांगू की," ती म्हणाली. "नऊ घरं होऊ देत."