विसरलेलं वाक्य

“पुन्हा घेऊ,” कॅमेरामन म्हणाला. “दिवा लुकलुकला.”

खरं तर बाईंनी पहिल्याच टेकला थप्पड आणि वाक्य दोन्ही चोख दिलं होतं. नायकाच्या थोबाडीत मारायची आणि म्हणायचं, “पुन्हा कुणावर हात उगारशील, तेव्हा हा गाल आठव.” थप्पड खरीच हवी, हा हट्ट नायकाचा.

त्या काळी नटनट्या स्टुडिओच्या नोकरीत असत. बाई चाळिशीला आलेल्या. नायक त्यांच्याहून मोठा, पण त्याला आता विशीतली नायिका हवी होती. “हिला वाक्यं आठवत नाहीत,” असं त्याने मालकांच्या कानावर घातलंच होतं. आज पुरावा मिळाला की बाईंची गच्छंती ठरलेली.

दुसऱ्या टेकला थप्पड बसली आणि बाई अडखळल्या.

“काय हो होतं पुढचं?”

तिसऱ्यालाही तेच.

“पाटीवर लिहून देऊ का?” नायक गाल चोळत हसला.

“द्या ना. अक्षर तेवढं नीट काढा.”

कपडेपटातल्या मावशी कोपऱ्यात बसून बघत होत्या. बाईंच्या पहिल्या चित्रपटाचे कपडे त्यांनीच शिवलेले. सकाळी कॉलर टोचली म्हणून नायक त्यांच्यावर खेकसला होता. त्यात दाढ सुजली आहे, असं मावशी सांगत होत्या. बाईंनी स्वतःच मावशींच्या गालावर पावडरचा जाड थर दिला होता.

चौथा, पाचवा, सहावा टेक. नायकाचा गाल लालबुंद झाला, पण बाईंची प्रत्येक चूक त्याला हवीच होती. “घ्या, आणखी एक!” तो म्हणे.

आठव्या वेळी बाईंना वाक्य आठवलं.

दुसऱ्या दिवशी नायकाने मालकांना प्रोजेक्टरच्या खोलीत आणून बसवलं. “एका वाक्याला आठ टेक, मालक! बघाच आता.”

“मला काढायचं तर काढा,” मावशींना सोबत घेऊन आलेल्या बाई उभ्यानेच म्हणाल्या. “माफी मात्र मागणार नाही.”

पडद्यावर एकच टेक आला. थप्पड, वाक्य, बाईंचे डोळे.

“यात चूक कुठे आहे?” मालकांनी विचारलं.

“बाकीचे सात कुठे गेले?” नायक ओरडला. “केवढी फिल्म फुकट घालवली हिने!”

“एक फूटही नाही, मालक,” कॅमेरामन म्हणाला. “पहिल्या टेकनंतर कॅमेऱ्यात फिल्म नव्हतीच.”

मालकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मावशींकडे. मावशींनी रुमाल काढून गालावरची पावडर पुसली.

खाली चार बोटं निळी उमटली होती.