खिडकीतून रुमाल

तिवस्याचा शिवम एक मोठं प्रवासी जहाज बांधणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता, आणि ते समुद्रात उतरल्यावर त्याच जहाजावर नोकरीला लागला. "कागदावर होतं तवापासून पाहून राहिलो मी याले," असं तो गावभर सांगायचा. जहाजाच्या दुसऱ्याच सफरीला त्याने आईवडलांना सोबत नेलं.

निघताना प्रवाशांना संकटात वापरायच्या होड्या दाखवल्या. होडीची खिडकी उघडी दिसताच त्याचे वडील सूर्यभान यांनी खिशातला रुमाल काढला आणि एसटीत टाकतात तसा आतल्या सीटवर टाकला.

"माही जागा झाली. तुह्या मायची धराची राहिली."

शिवम पोट धरून हसला. "बाबा, हे काय परतवाड्याची एसटी हाये काय? निवांत खा, प्या, झोपा."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घाईघाईने खाली इंजिनाकडे बोलावलं. तो परत आला. ताटाला हातही न लावता आईला म्हणाला, "माय, तुही शाल दे वं मले. खाली थंडी लागून राहिली."

"इंजिनापाशी कायची थंडी?" असं पुटपुटत लीलाबाईंनी शाल काढून दिली.

संध्याकाळी सूर्यभान आपला रुमाल परत घ्यायला गेले आणि होडीच्या खिडकीतून आत डोकावले.

 

रुमालाच्या शेजारच्या सीटवर लीलाबाईंची शाल ठेवलेली होती.