आईची कबर

गावातल्या जुन्या ज्यू घरांचा इतिहास शोधायचं काम कॉलेजच्या मुलांनी घेतलं, तेव्हा अजमलच्या वाट्याला शालोम आजोबा आले. विशीत गाव सोडून इस्रायलला गेलेले, पण बोली अजून इथलीच. व्हिडिओ कॉलवर त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"पोरा, माझ्या आईची कबर तेवढी दाव. लय वर्सं झाली बघ."

अजमल ती जागा पाहून आला होता. ज्यूंच्या दफनभूमीवर आता बंगल्यांची रांग होती. एक दगडसुद्धा उरला नव्हता. पण त्या थकलेल्या चेहऱ्याला हे सांगायला त्याची जीभ रेटेना.

"उद्या दाखवतो, आजोबा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आपल्या कब्रस्तानात गेला आणि त्यानं स्वतःच्या दादीच्या, नाव न कोरलेल्या कबरीवर मोबाईल धरला. आजोबांना हुंदका आवरेना.

"फुलं कोण वाहतंय रं?"

"मीच. दर शुक्रवारी."

एवढं मात्र खरं होतं.

आजोबांनी डोळे पुसले. "मग आता येतोच बघ. मला बी तिच्या शेजारीच निजायचं हाय."