दुपट्यावरचं शेवटचं प्रकरण

"बाळाच्या दुपट्यांत तुझी पुस्तकं ठेवू नकोस गं," असं सासूबाईंनी बजावलं, तेव्हा केतकी नुसती हसली होती. तिच्या चिमुकल्या प्रकाशनसंस्थेची नवी रहस्यकथा मुळी दुपट्यांवरच छापलेली होती. एका दुपट्यावर एक प्रकरण, आणि कोपऱ्यातल्या ठिपक्यांच्या चौकोनावर मोबाईल धरला की ते ऐकूही यायचं; शेवटचं तेवढं नाही. प्रत एकच.

संध्याकाळी प्रकाशन होतं आणि शेवटचं दुपटं सापडेना.

"ते होय? देवळातल्या एक बाई मागत होत्या, नात झालीय म्हणे, देऊन टाकलं. नव्या बाळाला पहिलं दुपटं दुसऱ्या कुणा बाळाचं जुनंच लागतं ना," सासूबाई म्हणाल्या.

"नाव काय त्यांचं, आई?"

"बारसं व्हायचंय अजून."

केतकीने घाबरून लेखकाला फोन लावला. "दुसरी प्रत ठेवली तर प्रयोग कसला?" तो म्हणाला. "खून कुणी केला, ते आता मलाही आठवत नाही."

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणाला नुकतीच मुलगी झाली असेल, तर जरा बघून या. बाळंतीण जेवली का विचारा, मग बाळाखालचं दुपटं वाचा. बाळ झोपलं असेल तर मात्र उठवू नका. खुनी कुठे पळून जात नाही.