मान पुसायची खूण

लूमच्या खडखडाटात तोंडाने बोलून काय उपयोग? भिवंडीच्या त्या कारखान्यात सगळे हातांनीच बोलत. मूठ दोनदा उघडली, की समजायचं, मशीन बंद कर.

लूमवरच्या सावळ्याचा हात मशीनच्या पट्ट्यात ओढला गेला, तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने तीच खूण केली होती. बाकीचे जेवायला गेलेले. स्विचपाशी एकटा मुकादम सुभाष. सकाळीच सावळ्याने त्याला चारचौघांत खोटारडा म्हटलं होतं. सुभाषने खूण पाहिली, तोंड फिरवलं आणि रुमालाने सावकाश मान पुसली.

सावळ्या त्यातच गेला. "मला दिसलंच न्हाय," सुभाष पुढे सगळ्यांना सांगत राहिला.

महिन्याभराने शेजारच्या लूमवरच्या लतीफने सुभाषकडे बघत सावकाश मान पुसली. मग दिनेशने.

"मला कसल्या खुणा करतोस रे?" सुभाषने त्याला टपरीवर गाठलं.

"मी काय न्हाय केलं, मुकादम."

दिनेश खरंच गोंधळला होता. खारबावहून आलेल्या, त्याच दिवशी कामाला लागलेल्या माणसानेही मान पुसली. घरी भात वाढताना बायकोने, मनिषाने, पदराने पुसली.

सोमवारी भरदुपारी सुभाषची बाही पट्ट्यात गेली. त्याने मोकळ्या हाताची मूठ दोनदा उघडली.

सगळ्यांनी पाहिलं. बारा जणांनी तोंड फिरवलं, आणि बारा हात सावकाश मानेकडे गेले.